अनाथांचा समाचार

(वाचनाचे शास्त्रभाग : १ राजे १७:८-२४, लूक ७:११-१७, याकोब १:२७)



आजच्या प्रवचनाचा आरंभ एका पत्रापासून करावयाचा आहे. त्या पत्राच्या कामीं माझ्याकडे थोडा दोष येतो. तो झांकून ठेवून उपदेश करणें बरें नव्हे, म्हणून आधींच सांगतों.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा पुष्कळ वर्षांपासून नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियांत मेलबर्न शहरीं राहतो. त्याची मुलगी गेल्या वर्षीं सतरा वर्षांची होती. शाळेच्या सुटींत तेथील एका मंडळीच्या तरुण मुलामुलींचा मेळा तीन आठवड्यांसाठीं कंबोडिया देशांतील एका अनाथालयांत सेवेस निघाला. त्यांत तिचेंही नांव होतें. निघण्यापूर्वीं तिनें मला लिहिलें, "आजोबा, तुमच्या मंडळीला माझ्यासाठीं प्रार्थना करावयास सांगा." मीं सांगितलें. इतकेंच करून थांबलों नाहीं, तर त्या रविवारीं दानाची थैली तिच्या वाटखर्चासाठीं फिरविली. आपल्या मंडळींत कोणाची मिळकत किती, हें पाळकाला ठाऊक असतें. त्या थैलींत कांदा विकून आलेले पैसे पडले, खुरपणीच्या मजुरीचे पडले. आणि ज्या कामासाठीं मीं हें दान मागितलें, त्या कामाविषयीं एकही प्रश्न मीं कोणास विचारिला नव्हता. 'अनाथ' हा शब्द कानीं पडला आणि माझी चौकशी तेथेंच संपली.

या वर्षीं तिचें दुसरें पत्र आलें. तें मोठें आहे. सर्व वाचून दाखवीत नाहीं. तिची मराठी थोडी मोडकी आहे, पण मन सरळ आहे. ती लिहिते कीं, पहिल्या दिवशीं गाडींतून उतरतांच मुलें धांवत आलीं व गळ्यांत पडलीं. ज्यांनीं तिला पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें, तीं तिच्या मांडीवर येऊन बसलीं. तिला वाटलें, केवढें हें प्रेम! पांच वर्षांची एक मुलगी तर तीन आठवडे तिचें बोट सोडीना. या तरुणांनीं एका भिंतीला रंग दिला, इंग्रजी गाणीं शिकविलीं, मुलांबरोबर चेंडू खेळले. संध्याकाळीं पाहुणे आले म्हणजे मुलें त्यांना नाच करून दाखवीत. मग निघण्याचा दिवस आला. "आजोबा, मी रडलें. मी तिला म्हणालें, पुढच्या वर्षीं येईन. ती रडली नाहीं. ती फाटकाकडे पाहत होती. त्याच दिवशीं दुसरी गाडी येणार होती."

पुढें तिच्या वाचण्यांत आलें कीं, अशा घरांतील बहुतेक मुलें अनाथ नसतातच. तिच्या मंडळीचा मेळा या वर्षीं पुन्हां निघावयाचा आहे. ती मला विचारते, "मी पुन्हां जावें काय? मीं तिला वचन दिलें आहे."

या प्रश्नाला उत्तर देण्यास मला दोन महिने लागले. जी चौकशी पूर्वींच करावयास पाहिजे होती, ती त्या दोन महिन्यांत केली.

कंबोडिया देश थायलंडच्या पलीकडे आहे. तेथील अंगकोर वाट नांवाचें प्राचीन देवालय पाहण्यास जगांतून प्रवासी येतात, आणि सिएम रीप हें शहर त्या देवालयाच्या जवळच आहे. सन १९७५ पासून १९७९ पर्यंत ख्मेर रूज पक्षाच्या राजवटींत त्या देशावर भयंकर प्रसंग गुदरला. चार वर्षांच्या आंत उपासमार, वेठ व कत्तल यांनीं सुमारें १५ ते २० लक्ष माणसें मेलीं. त्या काळीं अनाथ मुलांना सीमा राहिली नव्हती, यांत संशय नाहीं. परंतु तीं मुलें आतां पन्नाशीला आलीं. त्यांना नातवंडें झालीं. तेव्हां अनाथालयें कमी होत गेलीं असावीं असें कोणासही वाटेल. झालें उलट. सन २००५ मध्यें त्या देशांत अशीं १५४ निवासगृहें होतीं. सन २०१० मध्यें तीं २६९ झालीं. तेथील सरकारनें युनिसेफच्या साहाय्यानें चौकशी करून सन २०११ मध्यें अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत हे आंकडे आहेत. आणि त्या घरांतील दर चार मुलांपैकीं सुमारें तिघांची आई किंवा बाप, किंवा दोघेंही, हयात असल्याचें आढळलें.

मग हीं मुलें आलीं कोठून? जीं घरें वाढलीं, तीं दारिद्र्य जेथें अधिक तेथें वाढलीं असतीं तर निराळें. परंतु प्रवासी जेथें उतरतात, त्या राजधानी नॉम पेन्हच्या व सिएम रीपच्या आसपास तीं दाट झालीं. परदेशांतून दयाळू लोक येतात, त्यांच्या मुलामुलींना सेवा करावयाची असते, आणि सेवेला मूल डोळ्यांपुढें असावें लागतें. जेथें मूल दिसतें तेथें दान पडतें. म्हणून मूल आणून दाखविणारेही निघाले. भाताच्या खाचरांत राबणाऱ्या आईला कोणी येऊन सांगतो, शहरांत पोर शिकेल, इंग्रजी बोलेल, दोन वेळां जेवेल. ती मूल देते. विकीत नाहीं, टाकीत नाहीं, प्रेमानेंच देते. आपल्यांतील कोणी आईनें "मी असें केलें नसतें" असें म्हणूं नये. वसतिगृहाच्या दाराशीं मूल सोडून पाठ फिरवितांना पदरानें डोळे पुसणाऱ्या आया मीं याच तालुक्यांत पाहिल्या आहेत.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. अनाथालय म्हणजे सर्वत्र कपट, असें माझें म्हणणें नाहीं. तसें म्हणणें माझ्या तोंडीं शोभणारही नाहीं. माझी पणजी सन १९०० च्या दुष्काळांत मिशनच्या अनाथालयांत वाढली. तें घर नसतें तर ती जगली नसती, आणि आज हा उपदेश करावयास मीही नसतों. आपल्यापैकीं कित्येक घराण्यांचें मूळ त्याच अंगणांत आहे, आणि केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांतून आणलेल्या मुलींच्या नाती-पणत्या आजही आपल्या मंडळ्यांत आहेत. परंतु पणजीविषयीं आणखी एक आठवण आहे. तिला अनाथालयाच्या दाराशीं तिच्या आईनेंच आणून सोडिलें होतें, आणि पाऊस पडला म्हणजे न्यावयास येतें असें सांगितलें होतें. ती आई कधीं आली नाहीं. वाटेंतच कोठें तरी मेली असावी. मी लहान असतांना पणजी ऐंशीच्या घरांत होती. मृगाचा पहिला पाऊस आला कीं ती ओट्यावर येऊन बसे व रस्त्याकडे पाहत राही. आम्हां पोरांना वाटे, तिला पाऊस आवडतो.

ऑस्ट्रेलियाचीच दुसऱ्या एका मुलीची गोष्ट ऐका. ती जगजाहीर आहे, म्हणून नांवानिशीं सांगतों. तारा विंकलर ही सन २००५ मध्यें, एकोणीस वर्षांची असतांना, कंबोडियांत प्रवासास गेली व एका लहान अनाथालयांतील मुलांना पाहून तिचें मन द्रवलें. स्वदेशीं जाऊन तिनें त्यांच्यासाठीं पैसे जमविले. पुढें तिला कळलें कीं, दान चालकाच्या खिशांत जात होतें आणि मुलें इतकीं उपाशी होतीं कीं उंदीर धरून खात होतीं. सन २००७ मध्यें तिनें कंबोडियन सहकाऱ्यांच्या मदतीनें चौदा मुलें तेथून सोडविलीं आणि बाटंबाँग शहरीं तीं राहतील असें स्वतःचें बालगृह काढलें. बहुतेक गोष्टी येथेंच संपतात, आणि आपण "देवाची स्तुति असो" म्हणून पान उलटतों. पण ही बाई तेथेंच राहिली. ती ख्मेर भाषा शिकली, मुलांशीं त्यांच्या बोलींत बोलूं लागली. आणि आपल्या छपराखालीं असलेल्या बहुतेक मुलांना आईबाप किंवा जवळचे नातलग आहेत, हें तिच्या ध्यानांत आलें. तिचें बालगृह वाईट नव्हतें. जेवण होतें, शाळा होती, माया होती. तरीही तिनें तें कार्य बदललें. मुलांना आपापल्या कुटुंबांत परत पोंचविण्याचें व त्या कुटुंबांना आधार देण्याचें काम हातीं घेतलें. सन २०१६ मध्यें तिनें आपली चूक पुस्तक लिहून जगापुढें मांडिली. चांगल्या हेतूनें केलेली चूक कबूल करणें किती कठीण असतें, हें दोन महिने पत्राचें उत्तर न लिहितां बसलेल्या माणसाला विचारा.

त्या बाईला जें कळलें, तें भाषा शिकल्यावर व राहिल्यावर कळलें. आमच्या मुलीला त्या पांच वर्षांच्या मुलीची भाषा येत नव्हती. तीन आठवडे एकीनें दुसरीचें बोट धरिलें होतें, परंतु "बाळ, तुझी आई कोठें आहे?" एवढें विचारण्यापुरताही शब्द दोघींच्या मध्यें नव्हता.

आतां शास्त्राकडे वळूं. शुद्ध धर्माचरण कशांत आहे हें सांगतांना याकोब अनाथ आणि विधवा हीं दोन नांवें एका दमांत घेतो. नियमशास्त्रांत, स्तोत्रांत, संदेष्ट्यांच्या ग्रंथांत जिकडेतिकडे हीं दोन नांवें जोडीनें येतात. आपण हें वचन पाठ म्हणतों, पण ही जोडी कां, असें कितीजणांनीं विचारिलें आहे? कारण हें कीं, बहुधा तीं दोघें एकाच घरांतलीं असतात. इब्री भाषेंत ज्या शब्दासाठीं आपण 'अनाथ' म्हणतों, त्याचा रोख बाप नसलेल्या मुलाकडे असतो. बाप मेला, मागें एक बाई राहिली व एक मूल राहिलें. बाई विधवा, मूल अनाथ, चूल एकच. आजही तसेंच आहे. युनिसेफच्या हिशेबांत आईबापांपैकीं एक जरी मेलें तरी मूल अनाथांत मोडतें. सन २०१५ च्या अंदाजांत जगांत अशीं सुमारें १४ कोटी मुलें होतीं. परंतु ज्यांचीं दोघेंही गेलीं, अशीं त्यांत सुमारें दीड कोटीच होतीं. आपण मात्र 'अनाथ' म्हटलें कीं आई पुसून टाकितों आणि मूल तेवढें ठेवितों. याकोबानें तसें केलें नाहीं. विधवेच्या कडेवरून अनाथ काढून घेऊन त्याचा समाचार घ्या, असें शास्त्रांत कोठेंही नाहीं.

सारफथ गांवची गोष्ट पाहा. आहाब राजाच्या काळीं दुष्काळ पडला तेव्हां देवानें एलीयाला सीदोन प्रांतांत, म्हणजे परक्या मुलखांत, एका विधवेकडे पाठविलें. हें लक्षांत असूं द्या कीं, एलीयाही परदेशीं एका अनाथ मुलाच्या घरीं गेलेला होता. ती बाई वेशीपाशीं काटक्या वेंचीत होती. मूठभर पीठ राहिलें होतें, तें भाजून मायलेंकरांनीं खावें आणि मग मरावें, असा तिचा विचार होता. याहून मोठें संकट कोणतें? आजच्या एखाद्या दयाळू मंडळीचा प्रतिनिधि तेथें असता तर म्हणाला असता, "बाई, मुलगा आमच्या हवालीं कर, आमच्या देशांत आम्हीं त्याला चांगला वाढवूं." आणि ती बाई, उपाशी आई काय करील, हो म्हणाली असती. मग तो मुलगा जगला असता, आणि बाई एकटीच मेली असती, आणि अहवालांत 'एक अनाथ वांचविला' असें खरेंच लिहितां आलें असतें. एलीयानें मुलाला हात लाविला नाहीं. त्यानें पिठाच्या मडक्याकडे पाहिलें. मडक्यांतलें पीठ सरलें नाहीं, म्हणून घर मोडलें नाहीं. तो स्वतः पुष्कळ दिवस त्या घरीं राहिला, आणि तिच्याच हातचें जेवला. म्हणजे ती केवळ दान घेणारी राहिली नाहीं, पाहुण्याला वाढणारी घरधनीण झाली. पुढें मुलगा आजारी पडून गेला, तेव्हां मात्र एलीयानें त्याला उचलून माडीवर नेलें, देवाचा धांवा केला, आणि मूल जिवंत झालें. मग शास्त्र एक लहानशी गोष्ट न विसरतां सांगतें : तो त्याला माडीवरून खालीं घेऊन आला व त्याच्या आईजवळ दिलें. आपण चमत्कार वाचतों आणि जिना वाचीत नाहीं.

अलीशाच्या वेळीं एका संदेष्ट्याच्या विधवेचे दोन मुलगे सावकार नेऊं पाहत होता; तेथेंही उपाय तेलाच्या भांड्यांत निघाला, मुलगे घरींच राहिले. आणि नाईन गांवच्या वेशींत प्रभु येशूनें विधवेच्या एकुलत्या मुलाला तिरडीवरून उठविलें. तो तरुण उठून बसला, बोलूं लागला. प्रभु त्याला म्हणूं शकला असता, माझ्यामागें ये. दुसऱ्या पुष्कळांना तो तसें म्हणाला. या मुलाला तसें म्हणाला नाहीं. लूक सांगतो, त्यानें त्याला त्याच्या आईच्या स्वाधीन केलें. आणि हें पाहून लोक जें बोलले, त्यांत लूकानें ग्रीक भाषेंतील जें क्रियापद घातलें आहे, तेंच याकोबानें अनाथ व विधवा यांच्या समाचाराविषयीं घातलें आहे. देवानें आपल्या लोकांचा समाचार घेतला, हें त्या लोकांना कशावरून कळलें? मुलगा आईच्या हातीं परत आला यावरून.

मुलें धांवत येऊन अनोळखी माणसाच्या गळ्यांत पडलीं, तें प्रेमच असावें असें मलाही वाटलें होतें. आतां तसें वाटत नाहीं. ज्या मुलाचें स्वतःचें असें एक माणूस असतें, तें परक्याला पाहून आधीं आईच्या लुगड्यामागें लपतें. आपल्या वाडींतील कोणतेंही पोर पाहा. लंडनच्या जेम्स व जॉइस रॉबर्टसन या दांपत्यानें सन १९६९ मध्यें जॉन नांवाच्या सतरा महिन्यांच्या मुलाचा एक चित्रपट केला. त्याची आई बाळंतपणासाठीं रुग्णालयांत गेली असतां तो नऊ दिवस एका शिशुगृहांत होता. परिचारिका प्रेमळ होत्या; पण पाळी संपली कीं एक जाई व दुसरी येई. मूल आधीं एकीला बिलगूं पाही, मग दुसरीला. शेवटीं त्यानें माणसांचा नाद सोडला व एक मोठें कापडी अस्वल कवटाळून पडूं लागलें. नवव्या दिवशीं आई आली तेव्हां त्यानें तिच्याकडून तोंड फिरविलें. नऊ दिवसांत एवढें झालें, आणि तेंही आई परत येणार होती त्या मुलाचें.

रुमानियांत सन १९८९ नंतर मोठाल्या संस्थांत कोंडलेलीं सहस्रावधि मुलें जगाच्या दृष्टीस पडलीं, तेव्हां इंग्लंड-अमेरिकेंतून तरुणांचे मेळेच्या मेळे तेथें धांवले. त्यांची कळकळ खरी होती. परंतु पुढें बुखारेस्ट येथें अमेरिकन संशोधकांनीं १३६ तान्ह्या मुलांची पुष्कळ वर्षें पाहणी केली, तींत जीं मुलें पालक कुटुंबांत दिलीं, त्यांची बुद्धि, वाचा व माणसाला जडण्याची शक्ति संस्थेंत राहिलेल्या मुलांहून सुधारली. दोन वर्षांच्या आधीं गेलीं त्यांची विशेष. एका मुलाला एक माणूस लागतें, आणि तें उद्यांही तेंच असावें लागतें. आमच्या मुलीनें त्या पोरीवर तीन आठवडे खरें प्रेम केलें. तिच्या आधीं कोणी दुसऱ्या मुलीनें केलें होतें, नंतर तिसरीनें केलें असेल. प्रत्येक प्रेम खरें, आणि प्रत्येक प्रेम फाटकाबाहेर गेलेलें. प्रभूनें शिष्यांना शेवटच्या रात्रीं जें सांत्वन दिलें, तें हेंच कीं, तुम्हांला पोरकें असें मागें टाकून तो जाणार नाहीं. म्हणजे प्रेम लावून निघून जाणें यालाच प्रभु पोरकें करणें म्हणतो. वर्षांत दहा गाड्या आल्या, तर तें मूल दहादां पोरकें होतें.

कोणी म्हणेल, मग परदेशीं जाऊन मुलांची सेवा करणाऱ्या आपल्या जुन्या संतांचें काय? त्यांचें हें कीं, ते राहिले. जॉर्ज मुलर प्रशियांत जन्मलेला, इंग्लंडांत परकाच. सन १८३६ मध्यें त्यानें ब्रिस्टल शहरीं अनाथगृह उघडलें, आणि सन १८९८ मध्यें मरेपर्यंत तो त्याच शहराचा राहिला. दहा हजारांवर मुलें त्याच्या छायेंत वाढलीं. आणि हा प्रार्थनेचा माणूस दाखले पाहिल्याशिवाय मूल घेत नसे. आईबाप दोघेंही मेलेलीं, अशींच मुलें घ्यावयाचीं, हा त्याचा नियम होता. श्रद्धेला चौकशीचें वावडें नाहीं. मलाच तें होतें. एमी कारमायकल सन १८९५ मध्यें आपल्या देशांत आली, तमिळ शिकली, आणि सन १९५१ मध्यें डोनावूर येथें मरण पावली. मधल्या पंचावन्न वर्षांत ती एकदांही स्वदेशीं गेली नाहीं.

आतां जगाचीं राज्येंही जागीं झालीं आहेत. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनें सन २०१७ मध्यें या व्यवहाराची चौकशी केली, आणि सन २०१९ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या अपायाविषयीं ठराव केला. मंडळीनें हें राज्यांच्या आधीं सांगावयास पाहिजे होतें. शास्त्र तर आमच्याच हातीं होतें.

शेवटीं मीं तिला उत्तर लिहिलें. रागावलों नाहीं, रागावण्याचा अधिकार थैली फिरविणाऱ्याला उरत नाहीं. मीं लिहिलें, "बाळ, तुझें प्रेम खोटें नव्हतें, आणि सतराव्या वर्षीं तुला जें विचारावयास सुचलें नाहीं, तें मला सत्तराव्या वर्षीं सुचलें नाहीं. तूं वचन दिलेंस ही खरी अडचण आहे, आणि वचन सहज मोडूं नये. परंतु तुझ्या वचनाच्या आधीं त्या मुलीला कोणी दुसरें वचन दिलें आहे काय, हें पाहा. तिकीट काढण्यापूर्वीं तुमच्या पाळकांकडून त्या घराला तीन गोष्टी विचार : तिची आई आहे काय? ती कोठें आहे? मूल तिच्याजवळ राहावें म्हणून तिला काय पाहिजे? ज्या घराला या प्रश्नांचा राग येईल, तेथें पाऊल ठेवूं नको. आणि मुलांवर प्रेम करावयाचेंच आहे, तर तुझ्या गल्लींत एखादी आई रात्रपाळी करून येत असेल, तिचें मूल शाळेंतून आण. तेंही दर आठवड्यास, वर्षभर, न चुकतां." हें शेवटचें वाक्य लिहितांना मला वाटलें, कंबोडियाच्या पुढें तिला हें फार बेचव लागेल.

तिचें उत्तर परवां आलें. तिच्या मंडळीचे पुढारी प्रथम नाखूष झाले, पण त्यांनीं विचारिलें. त्या घरानें सरळ उत्तर दिलें, हें त्यांच्या पक्षीं सांगितलें पाहिजे. मुलीची आई हयात आहे. ती राजधानीजवळ कपड्यांच्या कारखान्यांत काम करिते. बाप नाहीं. गांवीं म्हातारी आजी आहे. आई एप्रिल महिन्यांत ख्मेर नववर्षाच्या सुटींत मुलीला भेटून जाते, आणि पुढच्या खेपेस नेतें म्हणते. आमच्या मुलीनें पत्राच्या शेवटीं एकच ओळ लिहिली आहे : "आजोबा, मग त्या दिवशीं ती फाटकाकडे गाडीसाठीं पाहत नसेल."

ती या वर्षीं जाणार नाहीं. तिच्या वाटखर्चाइतकी रक्कम त्या आजीच्या घरीं मूल राहूं शकेल अशा रीतीनें तेथील जबाबदार ख्मेर लोकांच्या हस्तें देतां येईल काय, याचा विचार तिची मंडळी करीत आहे. सभा अजून व्हावयाची आहे, आणि सर्वांचें एकमत नाहीं. त्या सभेसाठीं प्रार्थना करा.

आतां आपल्या मंडळीची गोष्ट. वरच्या वाडींतील आपली एक बहीण गेल्या ज्येष्ठांत विधवा झाली, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. दिवाळीनंतर ती ऊसतोडीला जाईल. तिचा मुलगा चौथींत आहे. तो शाळा सोडून फडावर जाऊं नये म्हणून परगांवच्या वसतिगृहास चिठ्ठी द्यावी, असें ती मला सांगून गेली. अशा चिठ्ठ्या मीं आजवर पुष्कळ लिहिल्या. हीही लिहावयास बसलों, आणि अर्धी लिहून ठेविली आहे. परवां तिला विचारिलें, "बाई, पोर वाडींतच राहावें म्हणून काय लागेल?" ती थोडा वेळ गप्प राहिली, कारण हें तिला कोणी विचारिलें नव्हतें. मग म्हणाली, "तोडीचे पांच महिने त्याला दोन वेळां कोणी वाढील आणि रात्रीं घरांत निजूं देईल, तर मी दर पंधरवड्याला येऊन जाईन."

उपासना संपल्यावर वडील मंडळींनीं, आणि ज्या घरीं पांच महिने एक ताट अधिक वाढतां येईल त्या घरच्यांनीं, कृपा करून मंदिरांतच थांबावें. चिठ्ठी माझ्या खिशांत आहे.